पहिलं छोटं अनुदान: अपंग व्यक्तींना सोबत घेऊन उपक्रम करताना

चार जण एकत्र येतात. वाचनगट काढायचा ठरतो, किंवा पडीक जागेवर सामाईक बाग करायची ठरते. अपंग व्यक्तीही त्यात असाव्यात असं सगळ्यांनाच वाटत असतं. पैसे मात्र नसतात. छोटी अनुदानं अशाच कामांसाठी असतात. रक्कम माफक, मुदत काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत आणि अर्ज चार-पाच पानांचा. देणारेही नाना प्रकारचे असतात: स्थानिक प्रशासन, धर्मादाय न्यास, कंपन्यांचे सामाजिक निधी, परदेशी दूतावास, शिवाय अपंगांच्या हक्कांसाठीच उभे राहिलेले निधी.

मी असे अर्ज लिहिले आहेत आणि पुढे इतरांचे अर्ज वाचून शिफारस करणाऱ्या समितीतही बसले आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पहिल्या पानावर 'सर्वांना सामावून घेणारा उपक्रम' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि शेवटच्या पानावरच्या अंदाजपत्रकात त्या सामावून घेण्यासाठी एक छदामही ठेवलेला नसतो. म्हणून या लेखात मी अंदाजपत्रकापाशी जास्त वेळ थांबणार आहे.

ही चूक मीही केली आहे. आमच्या पहिल्या वाचनगटाला अनुदान मिळालं होतं. पुस्तकं, कपाट, पाहुण्या लेखकांचं मानधन, सगळं व्यवस्थित मांडलं होतं. पहिल्या बैठकीला व्हीलचेअरवरून एक बाई आल्या आणि दारापाशी थांबल्या, कारण आत यायला दोन पायऱ्या होत्या. आम्ही चौघं पुढे झालो, "उचलून घेतो" म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला उचललेलं चालत नाही. तुम्हीच खाली या." त्या दिवशी बैठक अंगणात झाली. दुसऱ्या दिवशी रॅम्पसाठी पैसे शोधायला बसलो, तेव्हा कळलं की मंजूर रक्कम ठरलेल्या बाबींवरच खर्च करता येते. सहा महिने आम्ही अंगणातच बसत होतो, आणि पाऊस आला की बैठक रद्द.

पायरी १: आधी माणसं, मग अर्ज

अर्जाचा नमुना उघडण्याआधी ज्यांच्यासोबत काम करायचं आहे त्यांना भेटा. अपंग व्यक्तींच्या स्वतःच्या संघटना असतात, म्हणजे कारभार त्यांच्याच हाती असलेल्या. त्यांच्यासाठी इतरांनी चालवलेल्या संस्था वेगळ्या. दोन्हींशी बोला, पण सल्ला घ्यायचा तो पहिल्यांकडून. 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नाही' ही अपंगांच्या चळवळीची जुनी घोषणा आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या आणि ३ मे २००८ पासून अमलात आलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातही सल्लामसलतीचं हे तत्त्व कलम ४ मध्ये आलं आहे. तो करार सरकारांना बांधील करतो, तुमच्या गटाला नाही. तरी अनेक निधी आपले निकष त्यावरूनच ठरवतात, तेव्हा त्यातली भाषा ओळखीची असलेली बरी.

पहिल्या भेटीला एकाच अपंग व्यक्तीला बोलावून 'सगळ्यांच्या वतीनं' बोलायला लावू नका. जन्मापासून अंध असलेली व्यक्ती आणि साठीनंतर नजर गेलेली व्यक्ती यांच्या गरजा वेगळ्या. कर्णबधिर व्यक्तीच्या अडचणी व्हीलचेअर वापरणाऱ्याला ठाऊक असतीलच असं नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना आणि मानसिक आजारासह जगणाऱ्यांना तर बहुतेक जण विचारतच नाहीत. त्यांच्या वतीनं पालक बोलून जातात. पालकांचं ऐका, पण त्या व्यक्तीलाही तिच्या गतीनं बोलू द्या.

ही माणसं वेळ काढून येतात, विचार करून सांगतात. हे काम आहे, आणि त्याचं मानधन द्यायला हवं. अनुदान मिळण्याआधी हाती पैसे नसतील तर निदान येण्याजाण्याचा खर्च द्या, आणि सल्लागारांचं मानधन अंदाजपत्रकात धरा.

शब्दांचंही तिथेच विचारून घ्या. कुणाला 'दिव्यांग' चालतं, कुणाला ते नकोसं वाटतं, कुणी ठामपणे 'अपंग' म्हणवून घेतं. अनुदान देणाऱ्या संस्थेचा शब्द वेगळा असेल तर नमुन्यात तो वापरा, पण एरवी लिहिताना आणि बोलताना त्या माणसांचा शब्द ठेवा.

पायरी २: उपक्रम एका वाक्यात बसवा

छोट्या अनुदानात मोठं स्वप्न कोंबलं की दोन्ही फसतात. 'वस्तीतल्या अपंग व्यक्तींचं सक्षमीकरण' हा उपक्रम नाही. 'दहा महिने, महिन्यातून दोनदा, अंध आणि डोळस वाचकांचा एकत्र वाचनगट' हा उपक्रम आहे. कोण, काय, कुठे, किती वेळा, किती दिवस हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून बोलणं बाकी आहे असं समजा.

माझा कल मिश्र उपक्रमांकडे आहे. फक्त अपंगांसाठी वेगळं शिबिर घेणं कधीकधी गरजेचं असतं. कर्णबधिर तरुणांना त्यांच्या भाषेत मोकळेपणी बोलायला स्वतःची जागा लागते. पण गायनाचा गट, बाग, खेळाचा तास, नाटक अशा ठिकाणी सगळे एकत्र आले तर ओळखी होतात आणि अनुदान संपल्यावरही टिकतात. कराराचं कलम १९ समाजात राहून जगण्याबद्दल आहे आणि कलम ३० संस्कृती, करमणूक आणि खेळात सहभागी होण्याबद्दल. बागेसारखा साधा उपक्रमही हक्कांच्या भाषेत मांडता येतो, तो असा.

आणखी एक पाहा: उपक्रमात अपंग व्यक्ती काय करणार? फक्त लाभार्थी म्हणून बसणार, की वाचन घेणार, हिशोब ठेवणार, बी पेरायला शिकवणार? समितीत असताना मी आधी हेच शोधायची. डिसॅबिलिटी राइट्स फंडसारखे निधी तर अपंगांच्या स्वतःच्या संघटनांनाच बळ देतात, आणि पैसे कुणाला द्यायचे हे ठरवतानाही अपंग व्यक्ती बसलेल्या असतात. तिथे 'आम्ही त्यांच्यासाठी करू' ही भाषा फार काळ टिकत नाही.

पायरी ३: योग्य अनुदान शोधा, नियम दोनदा वाचा

नियमांत पाच गोष्टी शोधा. नोंदणी नसलेला गट अर्ज करू शकतो का? नसेल तर एखादी नोंदणीकृत संस्था पालक म्हणून पैसे स्वीकारू शकते का, आणि त्यासाठी किती टक्के कापून घेईल? रक्कम आधी मिळते की खर्च केल्यावर परत मिळते? परतफेडीची पद्धत असेल तर तुमच्यापाशी आधी घालायला पैसे आहेत का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. लहान गट इथेच बुडतात. कोणत्या खर्चाला मनाई आहे? काही ठिकाणी बांधकाम चालत नाही, काही ठिकाणी पगार. आणि पाचवी: शेवटची तारीख, वेळेसह.

मग त्या संस्थेला फोन करा. नवख्यांना संकोच वाटतो, पण प्रश्न विचारले म्हणून कुणी अर्ज बाजूला टाकत नाही. 'रॅम्पचा खर्च बांधकामात धरता की साहित्यात?' 'दुभाष्याचं मानधन चालेल का?' 'अर्ज ध्वनिमुद्रित करून किंवा सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओतून देता येईल का?' हे सगळं विचारा. उत्तर ईमेलवर मागून घ्या. फोनवर 'चालेल' म्हणणारी व्यक्ती पुढच्या महिन्यात तिथे नसू शकते.

पायरी ४: अंदाजपत्रक

उपक्रमाच्या जागी स्वतः जा आणि मोजपट्टी घेऊन जा. दारातल्या पायरीची उंची मोजा. समजा ती १५ सेंटिमीटर आहे. रॅम्पसाठी जगभर वापरलं जाणारं प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे जितकी उंची चढायची त्याच्या बारापट लांबी. १५ सेंटिमीटरला १८० सेंटिमीटर. दुमडून ठेवता येणारा रॅम्प इतक्या लांबीचा मिळतो, आणि तो साहित्यात बसतो. आता दुसरी पायरी आहे असं धरा. उंची ३०, म्हणजे रॅम्प ३६० सेंटिमीटर, आणि खाली व्हीलचेअर वळवायला मोकळी जागा वेगळी. दारासमोर लगेच रस्ता असेल तर हा रॅम्प रस्त्यात जाईल. मग रॅम्पचा नाद सोडा आणि दुसरी जागा शोधा. फळी टाकून 'होईल काहीतरी' असं करू नका. तीव्र उतारावरून व्हीलचेअर मागे घसरते किंवा उलटते आणि माणसाला गंभीर इजा होते.

दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटिमीटर हवी. ९० असली तर उत्तम. दार उघडल्यावर जी फट खरी मोकळी राहते ती मोजायची, चौकट नाही. व्हीलचेअर वळायला सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाची जागा लागते. हे सगळं स्वच्छतागृहातही मोजा. सभागृह सुरेख आणि स्वच्छतागृह पहिल्या मजल्यावर, अशा जागी दोन तासांचा कार्यक्रम ठेवला की माणसं पाणी न पिता येतात. ही गोष्ट मला एका तरुण मुलीनं सांगितली तेव्हा मी गप्प झाले होते.

सांकेतिक भाषेचे दुभाषी एकटे बोलावू नका. काम थकवणारं असतं. वीस-तीस मिनिटांनी दुसऱ्यानं सूत्रं घ्यावी लागतात, म्हणून लांबलेल्या कार्यक्रमाला दोघं हवेत. त्यांची जागाही आधी ठरवा. एकदा आम्ही दुभाष्याला खिडकीसमोर उभं केलं. मागून ऊन येत होतं आणि समोर बसलेल्यांना फक्त काळी आकृती दिसत होती: हात दिसतात, चेहरा नाही. सांकेतिक भाषेत चेहरा व्याकरणाचा भाग आहे. भुवया उंचावल्या की वाक्य प्रश्न होतं. अर्धा तास लोक डोळे बारीक करून बघत होते, मग एकानं उठून पडदा ओढला. सगळ्याच कर्णबधिर व्यक्ती सांकेतिक भाषा वापरतात असंही नाही; कुणाला पडद्यावर उमटणारा मजकूर हवा असतो, कुणाला श्रवणयंत्रासाठी चांगला मायक्रोफोन. विचारा आणि त्याप्रमाणे खर्च धरा.

छापील साहित्याचंही असंच. सगळ्याच अंध व्यक्ती ब्रेल वाचत नाहीत. बऱ्याच जणांना स्क्रीन रीडरनं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, वाचता येईल अशी फाइल पुरते. पण पानाचा फोटो काढून पीडीएफ केली असेल तर स्क्रीन रीडरला त्यात अक्षरंच सापडत नाहीत, म्हणून मूळ टाइप केलेली फाइल द्या. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी १८ पॉइंटच्या आसपास मोठा टाइप, काळ्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळा. फिकट राखाडी अक्षरं टाळा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी छोटी वाक्यं आणि प्रत्येक मुद्द्याशेजारी चित्र अशी सोपी आवृत्ती करा. ती तयार झाली की त्याच लोकांकडून वाचून घ्या. या वाचणाऱ्यांचं मानधनही लिहा.

प्रवासखर्च विसरू नका. गर्दीच्या बसमध्ये चढता येत नाही म्हणून ज्यांना स्वतंत्र वाहन करावं लागतं, त्यांच्यासाठी 'प्रवेश मोफत' या शब्दांना अर्थ नसतो. मदतनीस सोबत येत असेल तर त्याचाही प्रवास धरा.

एकूण रक्कम शंभर भाग मानली तर वाचनगटाचं माझं अंदाजपत्रक आज असं होईल: पुस्तकं आणि साहित्य ३०, वाचन घेणाऱ्यांचं आणि सल्लागारांचं मानधन २०, दुभाषी १८, प्रवास १५, दुमडता रॅम्प ७, मोठ्या टाइपच्या आणि ध्वनी प्रती ४, राखीव ६. सुविधांच्या चार बाबी मिळून ४४ भाग होतात. नवखे इथे घाबरतात आणि दुभाषी कापून पुस्तकं वाढवतात. तसं करू नका. इमारत बांधताना सुरुवातीपासून विचार केला तर सुगमतेचा जादा खर्च एकूण खर्चाच्या १ टक्क्याच्या आसपास येतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या २०११ च्या अहवालात म्हटलं आहे. पण तुम्ही इमारत बांधत नाही, माणसं एकत्र आणता आहात, आणि तिथे खर्च माणसांवरच होणार. प्रत्येक रकमेसमोर एक ओळ लिहा: 'दोन दुभाषी, वीस बैठका, प्रत्येकी दोन तास.' आकड्यामागचं कारण दिसलं की समिती सहसा खोडत नाही.

राखीव ६ भाग कशाला? आधी न कळलेल्या गरजांसाठी. तिसऱ्या बैठकीला येणारी व्यक्ती काय मागेल हे आज सांगता येत नाही. करारात यालाच वाजवी सोय म्हणतात: एका विशिष्ट माणसासाठी, विशिष्ट वेळी केलेला बदल. ही बाब 'सहभागींच्या वैयक्तिक गरजांसाठी राखीव' अशा स्पष्ट नावानं दाखवा. नुसतं 'इतर खर्च' लिहिलं तर तीच पहिली कापली जाते.

पायरी ५: अर्ज लिहिणं

जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांत एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे. हा आकडा अर्जात एका वाक्यात द्या आणि पुढे चला. समितीनं तो शंभरदा वाचलेला असतो. तुमच्या भागात तुम्ही कुणाशी बोललात, त्यांनी काय मागितलं, हे जास्त वजनदार असतं. 'आम्ही अकरा अपंग व्यक्तींशी बोललो, त्यातल्या सात जणांनी संध्याकाळची वेळ नको सांगितली, म्हणून बैठका सकाळी ठेवल्या आहेत' अशा वाक्यावर वाचणारा थांबतो. आकडे अर्थात खरे हवेत.

सहभागींची मोजणी कशी करणार असं विचारलेलं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं २००१ मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न वापरा. पाहणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं किंवा एकाग्र होणं, स्वतःची कामं करणं आणि संवाद साधणं यांत अडचण येते का, एवढंच विचारायचं; उत्तरं चार: काही अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. एका तरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'अजिबात नाही' आलं की त्या व्यक्तीची गणना करायची. 'अपंग' हा शब्द प्रश्नांत येतच नाही, त्यामुळे प्रमाणपत्र नसलेले आणि स्वतःला अपंग न म्हणवणारे वृद्धही मोजले जातात. उत्तरं गोपनीय ठेवा. कुणाला सांगायचं नसेल तर आग्रह नको.

दया उत्पन्न करणारी भाषा टाळा. 'बिचारे', 'नशिबानं ग्रासलेले', 'अपंगत्वावर मात करून' हे शब्द खोडा. अडथळा कुठे आहे ते लिहा: पायरीत, फॉर्ममध्ये, लोकांच्या वागण्यात. फोटो लावायचा असेल तर त्या व्यक्तीची संमती घ्या, आणि फोटो कुठे कुठे जाईल ते तिला समजेल अशा पद्धतीनं सांगा.

पाठवण्याआधी उपक्रमातल्या एका तरी अपंग व्यक्तीनं संपूर्ण अर्ज, अंदाजपत्रकासह वाचलेला असावा. तिला वाचता येईल अशा रूपात तो द्यायला हवा, हे ओघानं आलंच.

पायरी ६: पैसे आल्यावर

उपक्रमासाठी वेगळं खातं किंवा निदान वेगळी वही ठेवा. प्रत्येक पावतीवर त्याच दिवशी कशासाठी, कुणासाठी, कोणत्या बैठकीसाठी ते लिहा. रिक्षा-टॅक्सीची पावती मिळत नसेल तर सहीचं व्हाउचर चालतं का हे करारनाम्यावर सही करण्याआधी विचारून घ्या. सही न करता येणाऱ्यांसाठी अंगठा किंवा दुसरी पद्धत मान्य आहे का, हेही.

दुभाषी आधीच ठरवा. ते मोजकेच असतात आणि लवकर अडकतात. कार्यक्रमाच्या सूचनेत जागेचं खरं वर्णन द्या: पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे, कोणत्या सोयी आहेत आणि कोणत्या नाहीत. 'सोय नाही' असं स्पष्ट लिहिलेलं लोकांना चालतं. तिथे पोचल्यावर कळलेलं चालत नाही. नोंदणीच्या वेळी एकच प्रश्न विचारा: 'तुम्हाला सहभागी होता यावं म्हणून आम्ही काय करावं?'

योजना बदलावी लागली तर देणाऱ्या संस्थेला लगेच, लेखी कळवा. आमच्या दोन पायऱ्यांच्या वेळी मी पत्र लिहायला तीन आठवडे लावले, शरमेपोटी. नंतर कळलं की एका बाबीतून दुसरीत ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम हलवायची परवानगी वेळेत मागितली असती तर मिळाली असती.

अहवालात काय फसलं तेही लिहा. किती जण आले यासोबत किती जण पुन्हा आले, आणि जे परत आले नाहीत त्यांनी काय कारण दिलं ते सांगा. सहभागींचं म्हणणं त्यांच्या शब्दांत घ्या, हवं तर ध्वनिमुद्रित करून जोडा.

नकार आला तर

येतोच. कारण विचारणारं दोन ओळींचं पत्र पाठवा. अनेक संस्था समितीची टिप्पणी देतात. 'निधी अपुरा' एवढंच उत्तर असेल तर तोच अर्ज पुढच्या फेरीत चालू शकतो. 'उपक्रम टिकाऊ वाटला नाही' असं असेल तर अनुदानानंतर जागा कोण देणार, रॅम्प कुठे ठेवणार, गट कोण चालवणार याची नावं घालून उत्तर लिहा. आणि ज्यांनी सल्ला दिला त्या सगळ्यांना त्याच आठवड्यात निकाल कळवा. नकाराची बातमी त्यांना बाहेरून समजली तर पुढच्या वेळी बोलावताना तुमचा फोन उचलला जाणार नाही.